वापर ९९ टक्के, वेग जेमतेम दीडपट: जीपीयूवरचा कोड हळू चालतो तेव्हा कुठे बघायचं

"मॅडम, कार्ड ए१०० आहे, एनव्हीडिया-एसएमआय वापर ९९ टक्के दाखवतंय, तरी जुन्या सीपीयू कोडच्या दीडपटच वेग मिळतोय. कार्ड खराब असेल का?"

विभागातलं सामायिक जीपीयू मशीन मी सांभाळते आणि हा प्रश्न दर सेमिस्टरला कोणी ना कोणी घेऊन येतं. जीपीयू म्हणजे एकदम हजारो हिशेब करणारं कार्ड, ए१०० हे एनव्हीडियाचं असंच एक कार्ड, आणि एनव्हीडिया-एसएमआय ही त्याची स्थिती दाखवणारी कमांड. कार्ड खराब निघाल्याचं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा कार्ड डेटाची वाट बघत बसलेलं असतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शोधायचा माझा एक ठरलेला क्रम आहे, तो इथे सविस्तर लिहिते. उदाहरणं कूडाची, म्हणजे एनव्हीडियाच्या कार्डांसाठीच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेची आहेत. एएमडीच्या कार्डांवर नावं बदलतात, दुखणी तीच राहतात.

आधी त्या ९९ टक्क्यांचा अर्थ. मागच्या नमुना-काळात, म्हणजे सेकंदभरात किंवा त्याहूनही कमी वेळात, किती टक्के वेळ कार्डावर एखादं तरी कर्नल (कार्डावर चालणारं फंक्शन) चालू होतं, एवढंच तो आकडा सांगतो. किती भाग कामाला लागला होता हे तो सांगत नाही. ए१०० वर १०८ मल्टिप्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारे स्वतंत्र विभाग आहेत. त्यातल्या एकावर एकच थ्रेड (कामाचा एक धागा) घोळत राहिला आणि बाकीचे १०७ रिकामे बसले, तरी वापर १०० टक्केच दिसतो. म्हणून मी शेजारचा वॅटचा आकडा बघते. पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या जोडणीच्या जागेत बसणाऱ्या ४० जीबी ए१०० ची मर्यादा २५० वॅट आहे. वापर ९९ टक्के आणि वीज ७०-८० वॅट असेल तर कार्ड जवळजवळ मोकळं आहे असं समजा. मेमरीत अडकलेला, म्हणजे डेटाच्या ने-आणीवर वेग ठरणारा चांगला कोडही २५० पर्यंत पोचेलच असं नाही, पण इतका खालीही राहत नाही.

दीडपटीचा हिशेबही आधीच करून टाका. १९६७ साली जीन अ‍ॅमडालने मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: प्रोग्रॅमचा जो भाग कार्डावर नेला नाही, तो आहे तितकाच वेळ खाणार. एकूण वेळेचा एक तृतीयांश भागच कार्डावर नेला असेल, तर कार्ड कितीही वेगवान असो, सगळं मिळून दीडपटीच्या वर जाताच येत नाही. फाइल वाचणं, हिशेबाच्या बिंदूंची जाळी तयार करणं, निकाल लिहिणं यांत किती वेळ जातो हे न मोजता कर्नलवर महिना घालवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या त्या महिन्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोजमाप बरोबर आहे का?

कर्नल सोडल्याबरोबर सीपीयू पुढच्या ओळीवर जातो, कर्नल संपायची वाट बघत नाही. त्यामुळे कर्नलच्या आधी आणि नंतर साधं घड्याळ लावलं, तर मोजला जातो तो फक्त हुकूम सोडायचा वेळ, काही मायक्रोसेकंद. मग पुढची कॉपीची ओळ हळू असल्यासारखी वाटते, कारण कर्नल संपायची वाट तिथे बघितली जाते. घड्याळ थांबवण्याआधी डिव्हाइस सिंक्रोनाइझ करा, म्हणजे कार्डाचं काम संपेपर्यंत थांबा, किंवा कूडा इव्हेंट (कार्डावरच्या वेळेच्या खुणा) वापरा. पहिली फेरी मोजू नका. कार्डावरचा कॉन्टेक्स्ट (प्रोग्रॅमची तिथली पूर्वतयारी) उभा राहणं, मशीनच्या कार्डासाठी बायनरी नसेल तर कोड तिथल्या तिथे कंपाइल होणं, हे सगळं पहिल्या फेरीच्या माथी बसतं.

त्याच बैठकीत चुकून राहून गेलेल्या दोन गोष्टी तपासा. बग शोधताना कंपायलरला दिलेला मोठ्या 'जी'चा डिबग पर्याय मेकफाइलमध्ये (कंपाइलच्या सूचनांच्या फाइलमध्ये) तसाच राहिलेला असतो. त्याने कार्डावरच्या कोडचं ऑप्टिमायझेशन बंद होतं आणि वेग कितीतरी पटींनी पडतो. दुसरी, 'कूडा लाँच ब्लॉकिंग' हे व्हेरिएबल १ करून बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलमध्ये) टाकलेलं असतं आणि विसरलेलं असतं. मग प्रत्येक कर्नलपाशी सीपीयू थांबतो. या दोन तपासण्यांना दोन मिनिटं लागतात आणि कधी कधी तक्रार तिथेच मिटते.

कागदावरचा तळ

आता मूळ काम: कोडला कमीत कमी किती वेळ लागणारच, म्हणजे त्याचा तळ, कागदावर काढणं. मागच्या वर्षी एक एम.टेक.चा विद्यार्थी तापलेल्या पत्र्यातल्या उष्णतेच्या प्रसाराचा कोड घेऊन आला होता. ८१९२ गुणिले ८१९२ ची जाळी, प्रत्येक बिंदूचं नवं तापमान स्वतःच्या आणि चार शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानावरून काढायचं. लॅपटॉप बंद करायला लावून त्याच्याच प्रिंटआउटच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला.

बिंदू ६ कोटी ७१ लाख. एका फ्लोटला (साध्या दशांश आकड्याला) ४ बाइट, म्हणजे एक जाळी २६८ एमबीची. एका पायरीत निदान एकदा सगळी वाचायची आणि एकदा सगळी लिहायची, म्हणजे ५३७ एमबी. त्या ए१०० ची मेमरी सेकंदाला १,५५५ जीबी देते. भागाकार केला: ०.३५ मिलिसेकंद. आता गणिताची बाजू. प्रत्येक बिंदूला साधारण सात क्रिया, म्हणजे सगळ्या मिळून ४७ कोटी. कार्डाची सिंगल प्रिसिजनची (४ बाइटांच्या आकड्यांची) ताकद १९.५ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १९.५ लाख कोटी क्रिया. भागाकार: ०.०२४ मिलिसेकंद.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की डोळे उघडतात. गणिताला जितका वेळ, त्याच्या चौदापट वेळ आकड्यांच्या ने-आणीला. या कोडमध्ये गुणाकार वाचवून काही साधणार नाही, बाइट वाचवले तर साधेल. हाच विचार आलेखावर मांडला की त्याला रूफलाइन मॉडेल म्हणतात. विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी तो २००९ मध्ये मांडला. नाव माहीत नसलं तरी चालेल, पण हा भागाकार न करता कोणीही कोड सुधारायला बसू नये असं माझं ठाम मत आहे. तळ माहीत नसेल तर आपण किती वर आहोत हे कळणार कसं?

त्या मुलाच्या कोडला एका पायरीला ५० मिलिसेकंदांहून जास्त लागत होते. तळाच्या दीडशेपट.

ने-आण: सगळ्यात मोठा चोर

एनसाइट सिस्टिम्समध्ये त्याचा रन उघडला. हे अवजार काळाच्या पट्टीवर कर्नल आणि कॉपी दोन्ही ओढून दाखवतं. कर्नलच्या निळ्या पट्ट्या सुईसारख्या बारीक होत्या आणि दोन सुयांच्या मध्ये कॉपीचे लांबच लांब ठोकळे. दर पायरीला पूर्ण जाळी सीपीयूकडे परत येत होती, तिथे जुन्या आणि नव्या तापमानातला सर्वांत मोठा फरक काढला जात होता, आणि जाळी पुन्हा कार्डावर जात होती.

सीपीयू आणि कार्ड जोडणाऱ्या पीसीआय चौथ्या पिढीच्या १६ लेनवरून (वाहतुकीच्या मार्गांवरून) प्रत्यक्षात सेकंदाला साधारण २५ जीबी जातात, तेही सगळं जुळून आलं तर. २६८ एमबीला जवळजवळ ११ मिलिसेकंद, जाऊन-येऊन २१. काम ०.३५ चं आणि प्रवास २१ चा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे मसाल्याचं प्रमाण त्याहून कितीतरी वाईट आहे. साध्या मॅलॉकने (सीमधल्या नेहमीच्या पद्धतीने) घेतलेल्या मेमरीतून कॉपी केली तर वेग आणखी घसरतो, कारण ड्रायव्हरला डेटा आधी स्वतःच्या पिन केलेल्या, म्हणजे रॅममध्ये खिळवून ठेवलेल्या जागेत हलवावा लागतो. त्याचे ५० मिलिसेकंद असे भरले होते.

उपाय सरळ होता. दोन्ही जाळ्या कार्डावरच ठेवायच्या, प्रत्येक पायरीनंतर फक्त पॉइंटरांची अदलाबदल करायची. फरकाची तपासणी दर १०० पायऱ्यांनी, तीही कार्डावरच रिडक्शन करून (सगळ्या आकड्यांतून एक काढून), आणि सीपीयूकडे आणायचा तो एकच आकडा. अधूनमधून चित्रासाठी जाळी बाहेर काढायचीच असेल तर तेवढ्यासाठी पिन केलेली मेमरी घ्या आणि वेगळ्या स्ट्रीममध्ये (कामाच्या वेगळ्या रांगेत) कॉपी सोडा, म्हणजे गणित चालू असतानाच ती होते. मात्र मशीनची अर्धी रॅम पिन करून टाकू नका, बाकीचे प्रोसेस गुदमरतात.

युनिफाइड मेमरी, म्हणजे सीपीयू आणि कार्ड दोघांना एकच दिसणारी मेमरी वापरणाऱ्यांना ही कॉपी कोडमध्ये दिसतच नाही. पण ती होत असते, पान-पान करून, आणि दर पायरीला सीपीयू त्या अ‍ॅरेला हात लावत असेल तर ती साध्या कॉपीपेक्षाही महाग पडते.

लेनही मोजा. एकदा एका ठिकाणी दोन सारखीच कार्डं असलेल्या मशीनवर दुसऱ्या कार्डाची कॉपी चौपट हळू होती. पाहिलं तर ते खालच्या स्लॉटमध्ये बसवलं होतं. स्लॉट दिसायला पूर्ण लांबीचा, आतून मात्र चारच लेन जोडलेल्या. एनव्हीडिया-एसएमआयला '-क्यू' दिलं की लिंकची पिढी आणि रुंदी दिसते. मात्र ते कार्ड कामात असताना बघा, कारण रिकामं असताना वीज वाचवायला लिंक खालच्या पिढीवर उतरते आणि लोक विनाकारण घाबरतात.

शेजारच्या थ्रेडला शेजारचा आकडा

कॉपी गेल्यावरही त्याचं कर्नल तळाच्या कितीतरी वर होतं. हे दुखणं मला सगळ्यात जास्त वेळा भेटतं, म्हणून जरा थांबून सांगते.

कार्डावर थ्रेड सुटे चालत नाहीत, ३२ जणांच्या जथ्याने चालतात. त्या जथ्याला वार्प म्हणतात. वार्प मेमरीतून वाचायला निघाला की हार्डवेअर एकेक आकडा आणत नाही, ३२ बाइटांचे तुकडे आणतं. एका तुकड्यात आठ फ्लोट. पोस्टमनला एकाच चाळीतल्या ३२ खोल्यांची पत्रं दिली तर एका फेरीत काम होतं. ३२ वेगवेगळ्या चाळींची दिली तर तेवढ्याच पत्रांसाठी ३२ जिने चढावे लागतात. ३२ थ्रेडना ओळीने ३२ फ्लोट हवे असतील तर चार तुकड्यांत भागतं. त्यांना ३२ वेगळ्या ओळींतला एकेक फ्लोट हवा असेल तर ३२ तुकडे आणावे लागतात, आणि प्रत्येकातले २८ बाइट फुकट. आठपट वाहतूक. कॅश, म्हणजे जवळची छोटी वेगवान मेमरी, त्यातलं थोडंफार सावरते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

त्या मुलाने थ्रेडचा एक्स क्रमांक जाळीच्या ओळीला आणि वाय क्रमांक स्तंभाला दिला होता. वाचायला ते नैसर्गिक वाटतं, 'आय' (ओळ) आधी आणि 'जे' (स्तंभ) नंतर. पण वार्पमधले शेजारी एक्सने ठरतात. त्यामुळे शेजारचे दोन थ्रेड एका ओळीचं अंतर सोडून, म्हणजे ८१९२ गुणिले ४, ३२ केबी लांब वाचत होते. कोडच्या दोन ओळींची अदलाबदल केली, एक्स स्तंभाला दिला, आणि कर्नल कागदावरच्या आकड्याच्या सव्वापटीच्या आसपास येऊन बसलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग उत्तर बरोबर येतंय ना हे त्याने जुन्या निकालाशी ताडून बघितलं. हे ताडून बघणं कधीही सोडू नका.

फोरट्रानमधून कोड आणणाऱ्यांनी, विशेषतः हवामान आणि समुद्राच्या मॉडेलवर काम करणाऱ्यांनी, इथे जास्त सावध राहावं. फोरट्रानमध्ये अ‍ॅरे स्तंभाने रचला जातो, सीमध्ये ओळीने. लूप जसेच्या तसे उतरवले की नेमकं उलटं होतं.

याच दुखण्याचं दुसरं रूप कणांच्या कोडमध्ये दिसतं, ते म्हणजे स्ट्रक्चर (एका कणाच्या सगळ्या राशींचा एकत्र गठ्ठा). स्थान, वेग, वस्तुमान, क्रमांक असं मिळून आठ फ्लोटांचं स्ट्रक्चर केलंत आणि कर्नलला स्थानातला फक्त एक्स हवा असेल, तर ४ बाइटांसाठी ३२ बाइट येतात. प्रत्येक राशीचा वेगळा अ‍ॅरे ठेवा. कोड दिसायला थोडा कमी देखणा होईल, पण वेगात मोठा फरक पडेल. खात्री एनसाइट कॉम्प्यूटमध्ये (एकेक कर्नल तपासणाऱ्या अवजारात) होते: एका वाचन-विनंतीमागे किती सेक्टर, म्हणजे ३२ बाइटांचे तुकडे आले ते बघा. फ्लोटसाठी ४ उत्तम, ३२ म्हणजे सर्वांत वाईट.

एक दशांश चिन्ह

हे घरच्या गेमिंग कार्डावर काम करणाऱ्यांसाठी. कोडमध्ये ०.२५ लिहिलं आणि मागे 'एफ' लावायला विसरलात, की सी भाषेच्या नियमाने तो आकडा डबल (८ बाइटांचा) होतो आणि त्याच्याबरोबरची क्रियाही डबलमध्ये जाते. ए१०० वर डबलचा वेग सिंगलच्या निम्मा आहे, त्यामुळे मेमरीत अडकलेल्या कोडला ते जाणवतही नाही. आरटीएक्स ३०९० या गेमिंग कार्डावर मात्र डबलचा वेग सिंगलच्या ६४ व्या हिश्शाइतका, म्हणजे जेमतेम ०.५६ टेराफ्लॉप. वरच्याच जाळीचा हिशेब तिथे करा. तिची मेमरी ९३६ जीबी प्रति सेकंद, म्हणून वाहतुकीला ०.५७ मिलिसेकंद. सातही क्रिया डबलमध्ये गेल्या तर गणितालाच ०.८५. विसरलेल्या 'एफ'मुळे दुखणं मेमरीतून गणितात सरकलं. कू-ऑब्जडम्प या कूडाच्या अवजाराने मशीन कोड काढून त्यात डीएफएमए किंवा डीएमयूएल (डबलच्या क्रियांचे आदेश) दिसतात का ते शोधा. डबल मुद्दाम वापरत नसाल तर ते तिथे नसायला हवेत.

उलट्या दिशेनेही हे लक्षात ठेवा. घरच्या कार्डावर तपासून पुण्यात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयसारख्या ए१०० च्या यंत्रावर कोड नेणार असाल, तर डबलचा खर्च दोन्हीकडे अगदी वेगळा आहे. घरचे आकडे बघून तिकडचा अंदाज बांधू नका.

लहान काम, मोठं कार्ड

ए१०० वर एका वेळी १०८ गुणिले २०४८, म्हणजे २ लाख २१ हजारांवर थ्रेड मावतात. १२८ गुणिले १२८ च्या जाळीत बिंदूच १६,३८४. कार्ड भरणारच नाही, आणि प्रत्येक कर्नल सोडायला लागणारे काही मायक्रोसेकंद कर्नलच्या कामापेक्षा जास्त होतील. नमनालाच घडाभर तेल. अशा वेळी अनेक लहान जाळ्या एकाच कर्नलमध्ये एकत्र चालवा, किंवा कर्नलांची ठरलेली मालिका कूडा ग्राफमध्ये बांधून एकदाच सोडा. दोन्ही जमत नसेल तर काम सीपीयूवरच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

ऑक्युपन्सीबद्दल, म्हणजे मावतील त्यांपैकी किती थ्रेड प्रत्यक्ष बसले याबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. एका मल्टिप्रोसेसरला ६५,५३६ रजिस्टर (थ्रेडच्या हाताशी आकडे ठेवायच्या जागा). २०४८ थ्रेड बसवायचे तर प्रत्येकाला ३२. तुमचं कर्नल १२८ वापरत असेल तर ५१२ च थ्रेड बसतील, आणि बऱ्याचदा तेवढे पुरतात. ऑक्युपन्सी वाढवायला रजिस्टरवर जबरदस्तीने मर्यादा घातली की उरलेली मूल्यं कार्डाच्या मुख्य मेमरीत सांडतात, म्हणजे पुन्हा वाहतूकच वाढते. हे शेवटी बघायचं काम आहे.

मॉडेल ट्रेन करणाऱ्यांसाठी

इथे लक्षण वेगळं असतं: वापर शून्यावरून ९५ आणि पुन्हा शून्यावर, असा झोके घेत राहतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक बॅच (डेटाचा एक गट) एकदाच कार्डावर नेऊन ठेवा आणि डेटा लोडर बाजूला करून तीच बॅच शंभर वेळा चालवा. वेग एकदम वाढला तर मॉडेल निर्दोष आहे, डेटा उशिरा पोचतोय. पायटॉर्च या लायब्ररीच्या डेटालोडरमध्ये वर्करची (डेटा तयार करणाऱ्या मदतनीस प्रोसेसची) संख्या मुळात ० असते, म्हणजे चित्र उघडणं, कापणं, फिरवणं सगळं मुख्य प्रोसेसमध्येच होतं आणि कार्ड तोवर थांबतं. मशीनच्या कोअर बघून ४ किंवा ८ पासून सुरुवात करा, पिन मेमरी चालू करा. लाखो बारक्या जेपेग फाइल नेटवर्कच्या डिस्कवर असतील तर आधी त्या मोजक्या मोठ्या फाइलींमध्ये बांधून मशीनच्या एसएसडीवर आणा. वर्कर वाढवून ते दुखणं जात नाही.

आणि प्रत्येक फेरीत लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) छापायला 'आयटम' बोलावत असाल तर ते थांबवा. तो आकडा आणायला सीपीयूला कार्डाची पूर्ण रांग संपेपर्यंत थांबावं लागतं. पन्नास फेऱ्यांतून एकदा छापला तरी आलेख तितकाच समजतो.

दहा मिनिटांनी हळू होतं

सुरुवात झकास, मग वेग घसरतो आणि मशीन थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा झकास. हा कोडचा दोष नाही. एनव्हीडिया-एसएमआयमध्ये '-क्यू -डी परफॉर्मन्स' देऊन कार्डाच्या घड्याळाचा वेग कमी होण्याची कारणं बघा. थर्मल स्लोडाउन चालू दिसलं तर हवा पोचत नाहीये. पीसीआयचं ए१०० स्वतःच्या पंख्याशिवाय येतं. ते सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेलं आहे, आणि साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये बसवलं तर तापणारच. एप्रिल-मेमध्ये, खोलीचा एसी सुट्टीच्या दिवशी बंद ठेवतात तिथे, सोमवारी सकाळी ही तक्रार हमखास येते. पॉवर कॅप दिसली तर कोणी वॅटची मर्यादा खाली आणून ठेवली आहे का ते बघा.

कधी थांबायचं

कर्नल मेमरीच्या वेगाच्या ८० टक्क्यांवर पोचलं की मी थांबायला सांगते. वरच्या उष्णतेच्या, पाच बिंदूंच्या कोडमध्ये शेअर्ड मेमरी (मल्टिप्रोसेसरमधली सामायिक जागा) घालून आणखी वेग मिळेल असं पुष्कळांना वाटतं, पण शेजारचे बिंदू बहुतेक वेळा कॅशमध्ये आधीच असतात आणि मेहनतीच्या मानाने हाती फारसं लागत नाही. त्यापुढे जायचं तर पद्धत बदलावी लागते: एकदा वाचलेल्या तुकड्यावर दोन-तीन पायऱ्या एकदम करायच्या, किंवा स्थिर स्थितीच हवी असेल तर मल्टिग्रिड (विरळ आणि दाट जाळ्या आलटून वापरायची पद्धत) वापरून पायऱ्यांची संख्याच कमी करायची.

एवढं करूनही अडलात तर मदत मागताना पुढच्या गोष्टी बरोबर पाठवा: कार्डाचं पूर्ण नाव आणि ते पीसीआयचं की एसएक्सएमचं (सर्व्हरच्या बोर्डावर थेट बसणारं), डेटाचा आकार, कागदावर काढलेला तळ, सिंक्रोनाइझ करून मोजलेला वेळ, कंपाइलची पूर्ण ओळ, आणि एनसाइट सिस्टिम्सच्या काळपट्टीतल्या पाच-सहा पायऱ्यांचं चित्र. नुसतं "हळू चालतंय" आलं तर मला पहिले दोन दिवस हेच विचारण्यात घालवावे लागतात.